मांजराला शेवटचं इंजेक्शन द्यावं की आपोआप जाऊ द्यावं? नागपूरकरांनो, बोला

खामल्याची मनीमाय (धागालेखिका)

आमची चिंगी 14 वर्षांची. दोन्ही किडन्या गेल्यात. सोनोग्राफीत आक्रसलेल्या दिसल्या, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) 7 च्या वर, फॉस्फरस वाढलेलं, रक्त कमी. घरीच कातडीखाली रिंगर लॅक्टेट (एक सलाईन) देतोय. आधी त्याने तरतरी यायची, आता येत नाही. तोंडात फोड आलेत, श्वासाला घाण वास मारतो. ताटली ठेवली की तुरुतुरु येते, वास घेते, ओठ चाटते आणि मागे फिरते. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शनचं बघा.

घरात दोन तट पडलेत. सासूबाईंचं म्हणणं, आपल्या हाताने जीव घ्यायचा नाही, तिची ती जाईल. वर दाखला विनोबांचा: 1982 साली पवनारला त्यांनी अन्न-औषध सोडलं आणि शांतपणे गेले, त्यांना कोणी सुई टोचली का?

माझं मत उलट आहे. बरं होणं शक्य नाही आणि औषधाने त्रासही आटोक्यात येत नाही, अशी वेळ आली की इंजेक्शन द्यावं. आणि मांजर पार निपचित पडायच्या आधी द्यावं. 'आपोआप जाईल' हे ऐकायला फार शांत वाटतं, पण किडनीचं मरण तसं नसतं. मळमळ, अंगातलं त्राण जाणं, काहींना शेवटी झटके. हे सगळं तिने सोसायचं आणि 'आम्ही काही केलं नाही' हे समाधान आपण घ्यायचं, हे मला पटत नाही.

विरोधात असाल तर जरूर लिहा, फक्त 'देवावर सोडा' एवढ्यावर थांबू नका. आणि ज्यांनी हे केलंय त्यांनी नक्की काय काय होतं तेही सांगा. आमचे डॉक्टर 'काही त्रास होत नाही हो' म्हणून मोकळे झाले.

इतवारीकर

असहमत. सासूबाईंचा मुद्दा बरोबर आहे, दाखला चुकला. आम्ही जैन. संथारा, म्हणजे मरेपर्यंत अन्न सोडायचं व्रत, घेणारा स्वतः घेतो, पूर्ण शुद्धीत, गुरूंची आज्ञा घेऊन. विनोबांनीही स्वतःच ठरवलं होतं. तुमच्या चिंगीने काय ठरवलंय? ताटलीपर्यंत चालत येते म्हणजे तिला जगायचंय. आणि मांडीवर घेतल्यावर गुरगुरत असेल तर विषयच संपला. आपल्याला बघवत नाही म्हणून तिचा जीव घ्यायचा, ही दया कोणावर? सेवा करा. कूलरच्या वाऱ्यात गोधडी टाका, थेंब थेंब पाणी पाजा, जवळ बसा. आमच्याकडच्या दोन म्हाताऱ्या मांजरी अशाच गेल्या.

↳ खामल्याची मनीमाय

संमतीचा मुद्दा दोन्हीकडे कापतो, दादा. इंजेक्शनला तिची संमती नाही, कबूल. पण उपाशी राहायलाही नाही. तिला भूक लागते, म्हणूनच ती ताटलीपर्यंत येते. मळमळीने तोंड वळवते. विनोबांनी जेवण सोडलं होतं, हिच्या तोंडचं जेवण आजाराने काढून घेतलंय. तुम्हाला यात व्रत दिसतं, मला उपासमार दिसते.

↳ जनावरांचा डॉक्टर (निवृत्त)

एक दुरुस्ती. मांजर सुखात असली की गुरगुरते, तशीच दुखत असताना, घाबरली असताना, अगदी शेवटच्या तासांतही गुरगुरते. गुरगुर ऐकून तब्येत ठरवू नका. अंग चाटून साफ करणं बंद झालं का, पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन बसते का, पाण्याच्या भांड्यासमोर मान खाली घालून नुसतीच बसून राहते का, हे बघा.

अजनीचा अभ्यासू

दाखल्यांचा विषय निघालाच आहे तर दुसराही घ्या, तो वर्ध्याला येण्याआधीच्या गांधींचा. 1928, साबरमती आश्रम. एक वासरू जबर जखमी झालं होतं, कूस बदलली तरी वेदनेने तळमळायचं. उपाय हरले. गांधींनी डॉक्टर बोलावून इंजेक्शनने त्याला मरण दिलं आणि नंतर जाहीर लिहिलं. लोक खवळले, गुजरातेत तर जास्तच. निर्मिता येत नाही तो जीव घ्यायचा हक्क नाही, हाच आक्षेप तिथेही निघाला होता. गांधींचं उत्तर साधारण असं की यात माझा स्वार्थ असता तर आक्षेपाला अर्थ होता. माझ्या मते धागालेखिकेने हीच एक कसोटी लावावी. औषधपाण्याचा खर्च, रात्रीचं जागरण, घरभर लघवीचा वास, यातलं काही कारणांत डोकावत असेल तर थांबा. नसेल तर करा.

↳ इतवारीकर

गांधींनी केलं म्हणून बरोबर होत नाही. आणि स्वार्थ नाही असं स्वतःच ठरवायचं? जागरणाने थकलेला माणूस स्वतःचा स्वार्थ ओळखतो का? म्हणून तर माणसाच्या बाबतीत कायदा इतका जपून चालतो. अरुणा शानबाग खटल्यात 2011 साली आणि पुन्हा 2018 साली दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवायला वाट दिली, जीव घेणाऱ्या सुईला नाही. मांजराला तेवढाही न्याय नको?

↳ अजनीचा अभ्यासू

जनावरांचा कायदा वेगळा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 13 वाचा. ज्या जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल, त्याला मरण देण्याची तरतूद त्यात आहे. मालक थकलेला असतो हे मात्र मान्य. म्हणून निर्णय एकट्या मालकाचा नको, तपासणारा डॉक्टर सोबत हवा.

संत्रा मार्केट

राजेहो, इतकी घाई काहून करता? आमच्या बोक्याचं क्रिएटिनिन 11 झालतं. पहिल्या डॉक्टरनं सांगून टाकलं, किडनी गेली, इंजेक्शन देऊन टाका. माह्या भावानं ऐकलं नाही, दुसरीकडं नेला. तिथल्या मॅडमनं पोटाले हात लावला आन् म्हणे, अरे याचं तं मूत्राशय टणक होऊन राह्यलं, लघवी तुंबली याची! नळी टाकली, सलाईन लावलं, आकडा उतरला. आता खिडकीत बसून कबुतरं पाहून कटकट दात वाजवते. पहिल्याचं ऐकलं असतं तं?

↳ जनावरांचा डॉक्टर (निवृत्त)

तुमच्या भावाने योग्य केलं. लघवी तुंबली की क्रिएटिनिन भराभर चढतं आणि वाट मोकळी झाली की बरेचदा तितक्याच लवकर उतरतं. बोक्यांत हे जास्त, कारण त्यांची मूत्रनलिका अरुंद. नुसता रक्ताचा आकडा बघून इंजेक्शन सुचवणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. पण सोनोग्राफीत किडन्या आक्रसलेल्या, वजन कित्येक महिने घटतंय, रक्त कमी, ही जुनी किडनी. मेलेला भाग परत येत नाही. शंका असेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या.

धरमपेठची मावशी

मी बाजूने आहे, पण जरा दमाने घे गं. मळमळीचं ओंडान्सेट्रॉन, भुकेसाठी मिर्टाझापिन दिलं का? आमची त्यावर बरेच दिवस खात होती. दुखत असेल तर अर्धी पॅरासिटामॉल?

↳ जनावरांचा डॉक्टर (निवृत्त)

पॅरासिटामॉल अजिबात नाही! अर्धी नाही, पावही नाही. मांजराला ते विष आहे, रक्त प्राणवायू वाहायचं सोडतं.

↳ खामल्याची मनीमाय

मावशी, दोन्ही दिलं. मिर्टाझापिनने सुरुवातीला म्याव म्याव करून मागून खायची. आता गोळी घेऊनही तोंड वळवते.

बेसा बोका

मी विरोधात आहे आणि माझं कारण धर्माचं नाही. आमच्या मांजरीला एका दवाखान्यात नेलं होतं. झोपेचं काही न देता टेबलावर दाबून धरली आणि थेट छातीत सुई. तिची ती किंकाळी मी विसरलेलो नाही. 'शांत मरण' म्हणे. त्यापेक्षा घरात पलंगाखाली गेली असती तर बरं. इथे सगळे ते फुलासारखं असतं अशा थाटात लिहितायत, म्हणून सांगितलं.

↳ जनावरांचा डॉक्टर (निवृत्त)

शुद्धीवर असलेल्या जनावराच्या हृदयात सुई घालणं चूकच. ही पद्धत कुठल्याही नियमात बसत नाही. नीट केलं तर कसं होतं ते सविस्तर लिहितो, धागालेखिकेने विचारलंच आहे.

आधी गुंगीचं इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत. हे चुरचुरतं, एखादी फिस्कारते. झायलाझिन वापरलं तर बऱ्याच मांजरी ओकतात. घाबरू नका, खाली जुना टॉवेल ठेवा. उलटी नको असेल तर दुसरं औषध जमेल का ते आधीच विचारा. पाच ते पंधरा मिनिटांत मान टाकते. डोळे उघडेच राहतात, पण पंजा चिमटला तरी ओढून घेत नाही. इथून पुढचं तिला कळत नाही. म्हणून निरोपाचं जे काय असेल ते सुईच्या आधी.

मग पुढच्या पायाचे केस काढून शिरेत नळी. इथे वेळ लागू शकतो. किडनीच्या मांजरीत पाणी कमी, रक्तदाब कमी, शीर सापडत नाही. दोनतीनदा टोचावं लागलं तर डॉक्टर अडाणी आहे असं समजू नका. शीर मिळालीच नाही तर गाढ गुंगीत पोटातून औषध देतात, त्याला जास्त वेळ लागतो. शिरेतून भुलीचंच औषध, आपल्याकडे बहुधा थायोपेंटोन, भुलीला लागतं त्याच्या कितीतरी पट. आधी श्वास थांबतो, मग काही मिनिटांत हृदय. काहीजण त्यावर मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराईड देतात. गाढ भुलीत ते चालतं, भुलीशिवाय ती क्रूरता आहे. स्टेथोस्कोप लावून खात्री करेपर्यंत डॉक्टरांना सोडू नका.

लोक घाबरतात ते पुढच्या गोष्टींना. डोळे मिटत नाहीत. लघवी-शी होते. मिशा, कान फडफडतात. कधी कधी हृदय थांबल्यावरही एकदोनदा छाती मोठ्याने भरते. ती जिवंत झाली असं वाटून माणसं ओरडतात. ती मेलेलीच असते, स्नायूंची हालचाल असते ती. काही तासांत शरीर ताठ होतं, म्हणून आधीच पाय दुमडून कापडात गुंडाळा. घरी दुसरी मांजर असेल तर तिला वास घेऊ द्या, नाहीतर कित्येक दिवस हाका मारत शोधत फिरते.

डॉक्टर घरी येत असतील तर घरीच करा. न्यायचीच असेल तर सकाळी सातआठला. मे महिन्यात दुपारी रिक्षात पिंजरा घेऊन फिरवणं हाच तिला वेगळा छळ.

↳ बेसा बोका

हे सगळं आमच्या डॉक्टरने का नाही सांगितलं? प्रश्न विचारायचे असतात हे आधी माहीत असायला तरी हवं ना. पैसे मात्र आधी घेतले.

↳ जनावरांचा डॉक्टर (निवृत्त)

आधी गुंगी देणार का आणि मग कुठलं औषध, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. उडवाउडवी केली तर दुसरा डॉक्टर बघा. पैशाचं म्हणाल तर आधीच दिलेले बरे. नंतर डोळे पुसत सुटे मोजायचं कोणालाच नको असतं.

त्रिमूर्तीनगर 22

मुलीला आत न्यावं का? सात वर्षांची आहे, हट्ट करते.

↳ धरमपेठची मावशी

गुंगी येईपर्यंत राहू दे. पुढचं केस काढणं, टोचाटोची बघायची गरज नाही. आणि 'झोपवली' असं सांगू नकोस, मग पोर स्वतः झोपायला घाबरतं. मेली असंच सांग.

↳ इतवारीकर

मावशींशी सहमत, फक्त या एका मुद्द्यावर. आणि मेली म्हणून सांगताय तर 'आपण मारली' हेही सांगा. मुलगी मोठी झाल्यावर विचारेलच.

↳ धरमपेठची मावशी

सांगू की. 'खूप आजारी होती, बरी होणार नव्हती, म्हणून डॉक्टरांनी औषध देऊन मरू दिली.' यात लपवण्यासारखं काय आहे? तुमच्या त्या दोन म्हाताऱ्या मांजरींनी शेवटचे दिवस कसे काढले, तेही सांगा मग तिला.

↳ इतवारीकर

एक सहज गेली. दुसरीला तीन रात्री झटके येत होते. मी उशाशी होतो, उठलो नाही. तरीही माझं मत तेच आहे.

↳ अजनीचा अभ्यासू

तुम्ही तीन रात्री बसू शकलात, हे तुमचं बळ. पण झटके तिला येत होते.

खामल्याची मनीमाय

सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या अजूनही नाहीच म्हणतात, पण बेसावाल्या दादांचं ऐकून म्हणाल्या, करायचंच तर घरी करा, टेबलावर नको. डॉक्टर सकाळी घरी यायला तयार आहेत. पुरायचं माहेरी, हिंगण्याच्या वाडीत. खड्डा किती खोल लागतो?

↳ जनावरांचा डॉक्टर (निवृत्त)

किमान तीन फूट, विहिरीपासून लांब. यात हयगय नको. औषध शरीरात राहतं, कुत्र्याने किंवा कावळ्याने उकरून खाल्लं तर तेही मरू शकतात. नाल्यात किंवा कचऱ्याच्या गाडीत तर मुळीच टाकू नका.

↳ इतवारीकर

माझा विरोध कायम समजा. पण वाडीत काळी माती असेल तर आदल्या रात्री तिथे पाणी सोडून ठेवा, या दिवसांत कोरड्या मातीत कुदळ चालत नाही. आणि पुरल्यावर वर फरशी ठेवा. काळ्या मातीला भेगा पडतात, कुत्र्यांना वास लागतो.

↳ खामल्याची मनीमाय

भावाला फोन करून पाणी सोडायला सांगितलं. फरशी आहे. आता डॉक्टरांना विचारायचं राहिलंय की शीर नाही सापडली तर ते काय करणार. तुमचं चालू द्या, मी रात्री येऊन वाचते.