अनुभव धागा: घरच्या रियाजाला छोटा गिटार अँप कोणता घ्यावा?

दहा बाय दहाची खोली, भिंतीपलीकडे शेजारी, हातात इलेक्ट्रिक गिटार. सेलवर चालणारा अँप घेताना काय तपासायचं? "माझा भारी आहे" एवढंच नको. आकडे द्या, बिघडतं कुठे ते लिहा.

सहावी_तार: वॅटच्या मागे लागू नका. वॅट दुप्पट झाले तरी वाढतात जेमतेम ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. खोलीत ३ वॅटसुद्धा पुष्कळ होतात.

बघायचा तो स्पीकर. छोट्या अँपपैकी ब्लॅकस्टार फ्लाय ३ चा ३ इंची, बॉस कटाना मिनीचा ४, रोलँड मायक्रो क्यूबचा ५. सहावी तार मोकळी छेडली की ८२ हर्ट्झ. ३ इंची स्पीकरला तेवढं खाली उतरणं झेपत नाही, मूळ स्वर गळतो आणि त्याच्या वरचे उपस्वरच ऐकू येतात. म्हणून दुकानात वरच्या पट्टीतली सोलो नको, सहाव्या तारेवर पाम म्यूट (तळवा तारेवर हलका टेकवून दाबलेला स्ट्रोक) वाजवा. डबा वाजल्यासारखं आलं तर गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारं बटण) वाढवून काही सुधारत नाही. घरी अँप भिंतीलगत जमिनीवर ठेवला तर खर्ज थोडा भरतो, फुकटात.

सोल्डर: +१. आता अडॅप्टर. कटाना मिनीला ९ व्होल्ट लागतात, आणि मधली पिन निगेटिव्ह. राउटरचा अडॅप्टर त्या भोकात छान बसतो, पण त्याची मधली पिन बहुतेक वेळा पॉझिटिव्ह. बसतो म्हणून लावू नका, अडॅप्टरवरचं चिन्ह आणि व्होल्ट दोन्ही वाचा. फ्लाय ३ चा तर साडेसहा व्होल्टचा आहे.

कटाना मिनीत सहा डबल ए सेल. अल्कलाइन असतील तर ९ व्होल्ट, रिचार्जेबल असतील तर ७.२, आवाज वाढवला की क्लीन टोन (न फाटलेला स्वच्छ आवाज) लवकर फाटतो. महिनाभर वाजवणार नसाल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळून स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका.

तळमजला: रात्रीसाठी हेडफोनचं भोक हवंच, आणि हेडफोन वायरचाच. ब्लूटूथवर बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) अँपला पाठवा, काही अडचण नाही. पण स्वतःची गिटार ब्लूटूथ हेडफोनवर ऐकायला गेलात तर स्ट्रोक आधी, आवाज १००-२०० मिलिसेकंद नंतर. ताल गेलाच.

नवशिका: गुणगुण येते. अँप बदलू का?

सोल्डर: @नवशिका, थांबा. अडॅप्टर काढून सेलवर चालवा. गुणगुण गेली तर दोष अडॅप्टरचा. राहिली तर गिटार धरून जागेवरच वळा; दिशेनुसार कमी-जास्त होत असेल तर गिटारचं सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचं एका गुंडाळीचं चुंबक) ट्यूबलाइटचा चोक नाहीतर चार्जर पकडतंय. दोन्हीने फरक नाही? मग केबल बदलून बघा.