परदेशी हॉस्पिटलशी अँटिबायोटिक रेझिस्टन्ससाठी करार: आधी काय लावून घ्यायचं?

तापीकाठ (जळगाव)
दीडशे खाटांचं ट्रस्टचं हॉस्पिटल. मायक्रोबायोलॉजिस्ट एकच, ब्लड कल्चरचं (रक्तातले जिवाणू वाढवून बघायचं) मशीन आहे, सेन्सिटिव्हिटी (जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतो ही तपासणी) औषध लावलेल्या कागदी डिस्कवर, निकाल रजिस्टरात. इंग्लंडमधलं एक हॉस्पिटल स्टुअर्डशिपसाठी (अँटिबायोटिक जपून वापरण्याच्या कामासाठी) जोडी करायला तयार आहे. जिवाणू तिकडे पाठवायचे का? ट्रस्टींना पहिल्या सहा महिन्यांत काय दाखवता येईल?

मॅकफार्लंड_अर्धा (धुळे)
जिवाणू पाठवू नका, निदान पहिलं वर्ष तरी. संशोधन म्हटलं आणि परदेशी संस्था आली की आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, नमुना बाहेर जाणार असेल तर मटेरियल ट्रान्सफर करार वेगळा. परदेशातून पैसा घ्यायचा तर ट्रस्टची एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी हवी. प्रशिक्षण, केस-चर्चा आणि रुग्णाची ओळख काढून टाकलेले आकडे, एवढ्यावर करार ठेवा.

रजिस्टर मात्र आजच बंद करा. व्होनेट हे लॅबचे निकाल साठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या विंडोज संगणकावर चालतं. अँटिबायोग्राम (कोणत्या जिवाणूवर कोणतं औषध किती टक्के चालतं तो तक्ता) काढताना एका रुग्णाचा एका जातीचा वर्षातला पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वाढवलेला जिवाणू) धरा. आयसीयूतल्या एकाच रुग्णाचं क्लेबसिएला सहा वेळा मोजलं की रेझिस्टन्सची टक्केवारी उगाच फुगते. ३० पेक्षा कमी आयसोलेट असतील तर टक्का छापू नका. दीडशे खाटांत लघवीतलं ई. कोलाय ३० ओलांडेल, ॲसिनेटोबॅक्टर बहुतेक नाही. तिथे दोन वर्षं एकत्र करा. आणि कल्चर जर औषध फेल गेल्यावरच पाठवत असाल, तर रेझिस्टन्स आहे त्याहून जास्त दिसणार, हे तिकडच्यांना आधीच सांगा.

तापीकाठ
डिस्कचे निकाल ते मानतील का?

मॅकफार्लंड_अर्धा (धुळे)
कंट्रोल (ज्याचा निकाल आधीच माहीत आहे असा जिवाणू) चालवत असाल तर मानतील. एटीसीसी २५९२२ या प्रमाणित ई. कोलायवर सेफ्ट्रायॅक्सोनचा झोन (डिस्कभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) २९ ते ३५ मिमी, इमिपेनेमचा २६ ते ३२. इमिपेनेम लहान आला तर आधी डिस्कवर संशय घ्या. डिस्कचं काडतूस उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून काढून लगेच उघडलं की डिस्कवर दव धरतं आणि इमिपेनेम, क्लॅव्ह्युलॅनेट पहिले मरतात. बंद काडतूस तासभर बाहेर ठेवून मगच उघडायचं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर नको, तो आपोआप तापून बर्फ वितळवतो. लाईट गेल्याच्या वेळा फ्रीझरच्या दारावर लिहून ठेवा.

मुलर-हिंटन आगर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) ९० मिमीच्या प्लेटमध्ये २५ मिली, म्हणजे जाडी ४ मिमी. मीडिया वाचवायला २० मिली ओतलं की झोन मोठा येतो आणि रेझिस्टंट जिवाणू सेन्सिटिव्ह म्हणून वॉर्डात जातो.

कोलिस्टिन हे औषध डिस्कच्या झोनवर वाचूच नका; रेणू मोठा, आगरमध्ये नीट पसरत नाही. काचेच्या चार नळ्या, प्रत्येकी १० मिली कॅटायन-ॲडजस्टेड ब्रॉथ (क्षारांचं प्रमाण ठरवलेलं पातळ माध्यम), त्यात कोलिस्टिनच्या १० मायक्रोग्रॅमच्या अनुक्रमे ०, १, २ आणि ४ डिस्क टाका, अर्धा तास थांबा, मग जिवाणू. प्लॅस्टिकला कोलिस्टिन चिकटतं, म्हणून काचच. ही पद्धत ॲसिनेटोबॅक्टरला लावू नका.

गोळीमोजणी (नंदुरबार)
भाऊ, ट्रस्टींना पटेल ते फार्मसीच्या वहीतून निघतं. मेरोपेनेम या अँटिबायोटिकचा डीडीडी (मोठ्या माणसाचा ठरवून दिलेला सरासरी रोजचा डोस) ३ ग्रॅम. महिन्यात १ ग्रॅमच्या ९० व्हायल गेल्या तर ३० डीडीडी. खाट-दिवस (रोज भरलेल्या खाटांची महिन्याची बेरीज) ३,६०० असतील तर शंभर खाट-दिवसांमागे ०.८३. हाच आकडा दर महिन्याला काढा. लहान मुलांच्या वॉर्डात डीडीडी फसतो, तिथे औषधाचे दिवस मोजा. खरेदी मोजू नका, वॉर्डातून परत आलेल्या व्हायल वजा करा.

शिवाय एक दिवसाची पाहणी करा. सकाळी ८ वाजता जे भरती आहेत त्यांचे केसपेपर बघायचे: कोणतं अँटिबायोटिक, कशासाठी, कारण लिहिलंय का, ऑपरेशनआधीचा डोस २४ तासांपुढे लांबलाय का. एक वॉर्ड एका दिवसात संपवा, नाहीतर रुग्ण बदलून दोनदा मोजले जातात. सगळ्यात आधी सुधारतो तो हा २४ तासांचा मुद्दाच. त्याला नवं मशीन लागत नाही.

सुईदोरा (भुसावळ)
ब्लड कल्चरवर थोडं. मोठ्यांत दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घ्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, पहिल्या डोसआधी. २ टक्के क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावून ३० सेकंद वाळू द्या, पुन्हा बोट लावू नका. दूषित कल्चर (कातडीवरचे जिवाणू मिसळलेली) ३ टक्क्यांच्या वर गेली तर अँटिबायोग्राम बाजूला ठेवा, आधी रक्त काढायचा हात सुधारा.

चोपडा-यावलहून बाटल्या येत असतील तर मे महिन्यात जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू देऊ नका. आपल्याकडचं ४५ अंशाचं ऊन, बंद गाडीत त्याहून जास्त. थर्माकोलच्या डब्यात आणा, बर्फ मात्र टाकू नका. गारठ्याने काही जिवाणू मरतात.

मॅकफार्लंड_अर्धा (धुळे)
इंग्लंडशी कॉलची वेळ करारातच लिहा. दुपारी दीड म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे ९, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे जातं आणि तेच ८ होतात. तेव्हा अडीच करा. पंधरवड्याला एकदा, तासभर, दोनच केस, आणि ज्या रेसिडेंटने औषध लिहिलं तोच केस मांडेल. नुसते विभागप्रमुख बसले की वॉर्डात काहीच पोहोचत नाही.