आत्यासाठी वाचून दाखवणारं यंत्र घ्यावं का? मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही लागतात (बडोदा)

नमस्कार. माझी आत्या ७३ वर्षांची, दांडिया बाजारात राहते. शाळेत मराठी शिकवायची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. सहा महिने ब्रेल शिकली, पण बोटांना ठिपके उमगत नाहीत. मी वाचून दाखवते, पण ती म्हणते, "तू तुझ्या घाईने वाचतेस. मला एखाद्या वाक्यावर थांबायचं असतं."

सध्या फोनचा कॅमेरा पानावर धरून ऐकते. फोन वाकडा धरला गेला की ओळी अर्ध्या कापल्या जातात. मध्यवर्ती ग्रंथालयातली जुनी पुस्तकं, पिवळी पानं, खिळ्यांची छपाई. शिवणीजवळ पान वळतं तिथले शब्द बिघडतात. वीजबिल गुजरातीत, बँकेचं पत्र इंग्रजीत. सगळ्यात वाईट म्हणजे मराठी मजकूर हिंदी आवाजात येतो. 'डोळा' आणि 'चमचा' ऐकून तिचा चेहरा पडतो. जन्मभर मुलांचे उच्चार सुधारले आहेत तिने.

एका दुकानात चष्म्याला लावायचा कॅमेरा दाखवला. इंग्रजी सुरेख वाचलं. मराठीबद्दल "येईल" एवढंच म्हणाले. किंमत खूप आहे. कुणी मराठीसाठी वापरला आहे का?

प्रतिसाद: ताई, मी स्वतः अंध आहे. आधी पैसे घालू नका. अक्षर ओळखणं आणि ते बोलणं ही दोन वेगळी कामं. हिंदी-मराठीची लिपी एकच, म्हणून यंत्र चुकतं. फोनच्या सेटिंगमध्ये वाचनाचा आवाज मराठी करा. फोनला स्टँड लावा, पान त्याखाली सपाट ठेवा. हातात मावणारं, अमेरिकी संशोधक रे कर्झवाइल यांचं वाचनयंत्र २००६ मध्ये आलं, तेव्हा कॅमेरा आणि खिशातला संगणक जोडावा लागे. आज ते काम बरंचसं फोनच करतो. चष्मा घ्यायचाच तर दुकानात तुमचं जुनं पुस्तक आणि गुजराती बिल न्या, इंटरनेट बंद करून वाचायला लावा. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ असेल तर भलतीच अक्षरं ऐकू येतात, तिचं चित्र करून मग ओळखायला द्या. शिवाय सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी २०१६ पासून आहे, आत्यांचं नाव नोंदवा. तिथल्या डेझी पुस्तकांत (ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खास बनवलेल्या डिजिटल पुस्तकांत) प्रकरणावरून प्रकरणावर जाता येतं, खूण ठेवता येते.

मूळ प्रश्नकर्ती: मनापासून आभार! आवाज बदलला, 'डोळा' नीट आला. काल तिने एकटीने चाळीस पानं ऐकली, एकच उतारा तीनदा. चष्मा तूर्त रद्द.

एक राहिलं. आतोबांनी लग्नाआधी तिला लिहिलेली पत्रं आहेत, शाईची, बारीक अक्षर. फोनला त्यातलं काहीच लागत नाही. घरच्यांनी ती वाचायला नको आहेत तिला, आणि ते मला समजतं. मराठी हस्ताक्षर वाचून ध्वनिमुद्रण करून देईल अशी बाहेरची, जबाबदार बाई बडोद्यात कुणाच्या माहितीत आहे का?