सापाताच्या गावातला ऊस आणि 'एहिदो' म्हणजे नक्की काय?

वाळव्याचा_ऊसकरी
नमस्कार मंडळी. कंपनीने आठ महिन्यांसाठी मेक्सिकोला पाठवलंय. मागच्या रविवारी मोरेलोस राज्यात क्वाउत्लाजवळच्या आनेनेक्विल्को गावी जाऊन आलो. मेक्सिकन क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो सापाता, त्याचं जन्मगाव. (मी 'झपाटा' म्हणत होतो, ड्रायव्हर हसून बेजार.) त्याच्या घराच्या मातीच्या भिंती छप्पर घालून जपल्यात. पण माझा जीव अडकला तो आजूबाजूच्या उसात. थेट आमचा शिवार! एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, जमीन किती? म्हणाला, चार हेक्टर, पण माझी नाही, एहिदोची. बापही तीच कसायचा. मग मालक कोण, सरकार? आणि कूळ म्हणावं तर खंड कुणाला देतो? काही कळेना.

चहाबाज
खंड देत नाही आणि कुणी काढत नाही, म्हणजे मालकच की राव. आम्ही मालक असून सोसायटीचे हप्ते भरतोय.

अकोल्याची_माई
दादा, तुम्ही सातबारा डोक्यात ठेवून बघताय म्हणून अडतंय.

आमचे हे तेस्कोकोजवळच्या सिमिटमध्ये (गहू-मक्याची संशोधन संस्था) होते, तेव्हा चार वर्षं आम्ही तिथेच राहिलो. शेजारणीचं माहेर आयाला तालुक्यात, तुम्ही गेलात त्याच पट्ट्यात. तिच्याबरोबर कितीदा गेले असेन. मीही शेतकऱ्याची पोर आणि कृषी पदवीधर, त्यामुळे तिच्या वडिलांशी गप्पा जमायच्या.

आधी जमीन गेली कशी ते बघा. गावाकडे स्पॅनिश अमदानीतले कागद होते. शेजारी 'ओस्पिताल' नावाची हासिएंदा, म्हणजे उसाची जहागीरच. रेल्वे आली, साखरेचा धंदा वाढला, तशी हासिएंदा बांध कोरत कोरत गावाच्या रानात शिरली. 1909 च्या सप्टेंबरात गावच्या म्हाताऱ्यांनी कारभार सोडला आणि तिशीतल्या सापाताला निवडलं. त्याच्या हाती आले ते हे जुने कागद. तो काही कंगाल नव्हता बरं का. थोडी जमीन होती, खेचरं होती, वर हासिएंदाचं रान वाट्याने घेऊन कलिंगडं लावायचा. पुढच्या वर्षी पाऊस तोंडावर आला तेव्हा गावाने पेरायला रान मागितलं, तर हासिएंदाच्या कारभाऱ्याचा निरोप आला म्हणतात, पेरायचंच असेल तर कुंडीत पेरा! मग सापाता ऐंशीएक माणसं घेऊन रानात उतरला. गावांच्या जमिनी परत मागणारा त्याचा 1911 चा आयालाचा जाहीरनामा, 1919 मध्ये चिनामेकाला दग्याने झालेला त्याचा खून, हे तुम्हाला तिथे कुणीही सांगेल.

1917 च्या घटनेच्या 27 व्या कलमाने गावांना जमीन द्यायची वाट मोकळी केली. मोरेलोसात वाटप लवकर झालं, देशभर मोठं वाटप केलं राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासने, 1934 ते 1940 मध्ये. गावाला अशी मिळालेली जमीन म्हणजे एहिदो. जमीन सगळ्या सभासदांची मिळून, कसायचा हक्क एकेकाचा. विकायची नाही, गहाण टाकायची नाही, कुणाला खंडाने द्यायची नाही. हक्क वारसाला जातो, पण एकाच वारसाला.

इथे मी थबकले होते. माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आणि रान साडेचार एकर. शेजारणीकडे सहा भावंडं, हक्क धाकट्याच्या नावावर. रानाचे तुकडे झाले नाहीत हे खरं. पण बाकीच्यांनी जायचं कुठे? दोन भाऊ अमेरिकेला गेले ते त्यामुळेच. शेजारीण म्हणायची, माझ्या वाट्याला फक्त कणसं आली.

1992 मध्ये ते कलम बदललं. आता एहिदोच्या सभेत ठराव करून खासगी मालकी घेता येते, विकताही येते. तरी देशातली जवळपास निम्मी जमीन अजून एहिदो आणि सामूहिक गावांकडेच आहे.

पंचगंगा_काठ
माई, मग कारखाना कुणाचा? आपल्यासारखा सहकारी?

अकोल्याची_माई
होता की! साकातेपेकचा कारखाना 1938 मध्ये कार्देनासनेच सुरू केला, एहिदोचे शेतकरी आणि कामगार सभासद. प्रवरानगरच्याही बाराएक वर्षं आधी. पण व्यवस्थापक वरून यायचा. रुबेन हारामियो, पोरवयात सापाताच्या फौजेत गेलेला, याच कारखान्यासाठी धडपडला आणि पुढे कारखान्याच्या कारभाऱ्यांशीच भांडला. 1962 मध्ये त्याला, बायकोला आणि पोरांना घरातून उचलून गोळ्या घातल्या. शेजारणीचे वडील त्याचं नाव काढताना अजून आवाज खाली आणायचे.

ऊस मात्र झकास, हेक्टरी शंभर टनांच्या वर. तोडायला गेर्रेरोच्या डोंगरातून टोळ्या येतात. आधी फड पेटवतात, मग तोडतात. बिऱ्हाडं, पोरं, काळवंडलेली भांडी, सगळं बीडच्या टोळ्यांसारखंच. एहिदोत त्यांचं नाव कुठेच नाही.

(आणि तेस्कोकोकडे आलात तर चापिंगोला जा. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिथल्या कृषी शाळेत शिकवायचे, मक्यावर काम करायचे. तिथल्या जुन्या प्रार्थनागृहात चित्रकार दिएगो रिवेराने मक्याच्या मुळाशी निजलेला सापाता रंगवलाय. लाल कफनात.)

वाळव्याचा_ऊसकरी
माई, दंडवत! एकच राहिलं. त्या म्हाताऱ्याचं उसाशेजारी मक्याचं तुकडाभर रान होतं, मक्यात वाल आणि भोपळा. कोपऱ्यावरच्या काठीला वाळक्या पिवळ्या फुलांचा क्रूस बांधलेला. नजर लागू नये म्हणून का?

अकोल्याची_माई
तसंच काहीसं. ते फूल पेरिकोन, आपल्या झेंडूचं चुलत भावंड. चुरगाळलं की बडीशेपेचा वास येतो. 29 सप्टेंबर हा सान मिगेलचा दिवस. आदल्या रात्री सैतान मोकाट सुटतो आणि उभ्या पिकात घुसतो म्हणे. म्हणून 28 ला शेताच्या चार कोपऱ्यांवर आणि घराच्या दारावर क्रूस लावतात. शेजारणीची आई चारही कोपरे झाल्याशिवाय कणसाला हात लावू द्यायची नाही. मग तिथेच बांधावर जाळ करून कोवळी कणसं भाजायची. वर काय, तर लिंबू, मीठ आणि तिखट. मी आपल्याकडच्या भुट्ट्याचं कौतुक सांगायला गेले, तर म्हातारी म्हणाली, तुमच्याकडे मका नेला कुणी?

28 तारखेला अजून तिथे असाल तर त्या आजोबांकडे जा. फुलं तोडायला माणूस लागतोच.