साखरेच्या गोळीबद्दल
‘कॅन्सरच्या नव्या औषधाच्या चाचणीत निम्म्या पेशंटना नुसती साखरेची गोळी देतात’ असं काही जण म्हणतात. नव्याने निदान झालेल्या एएमएलमध्ये (झपाट्याने वाढणारा एक रक्ताचा कॅन्सर) तसं नसतं. मिडोस्टॉरिन या एएमएलवरच्या औषधाच्या चाचणीत (निकाल २०१७ साली छापून आला) ७१७ पेशंट होते. दोन्ही गटांना नेहमीची ७+३ केमो मिळालीच: सात दिवस सायटाराबिन, तीन दिवस डॉनोरुबिसिन. खोटी गोळी होती ती त्यावर जादाची.

आमच्या कोथरूडच्या काकांना चाचणीबाहेर हीच ७+३ दिली होती. पंप चोवीस तास चालू, संडासला जातानाही स्टँड ढकलत न्यायचा. लघवी लाल झाली तेव्हा काकू रक्त समजून रडायलाच लागली. सिस्टर म्हणाल्या, औषधाचा रंग आहे. खरी दमछाक पुढे झाली, रात्री-अपरात्री प्लेटलेटसाठी डोनर शोधताना.