माळा रिकामा होईना, फरसाण सुटेना

फोंड्याची सून: चवथीआधी माळा आवरायला काढला. आईस्क्रीमचे रिकामे डबे 43, झाकणं 29! टाकायला गेले की सासूबाई म्हणतात, "सोलां (आमसुलं) ठेवायला लागतील," आणि परत वर. दमून बसले की हात आपोआप फरसाणाच्या डब्यात. काय करू?

म्हापसेकर: बिनझाकणाचे आधी काढा, सासूबाई देवळात गेल्या की. आणि फरसाण विकतच आणू नका. घरात असलं की मीही खातो.

आजी: सकाळी नाचणीचं तिझण (पातळ खीर) घे गो, दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज. मग फरसाण आठवत नाही. सोलांना चिनीमातीची बरणी बरी, प्लास्टिक नको.

फोंड्याची सून: बरणी माळ्यावरच सापडली. आत कधीची तरी जुनी सोलां!