वजन तेच, पत्ता तोच, मग फ्रेट बिल एवढं कसं वाढलं?

मखरवाली_एडिसन:
पुण्याहून पुठ्ठ्याची फोल्डिंग मखरं मागवते आणि इथून न्यू जर्सीतनं बाकीच्या राज्यांत पाठवते. डॅलसला एक पॅलेट (माल रचायचा लाकडी पाट) एलटीएलने, म्हणजे ट्रकमध्ये इतरांच्या मालासोबत, पाठवलं, पॅलेटसकट ३५० पाउंड, ४८ बाय ४० आणि उंची ६० इंच. बिल ऑफ लेडिंगवर (मालासोबत जाणारा कागद) क्लास १०० टाकला होता, म्हणजे भाडं ठरवायची मालाची वर्गवारी, कारण गेल्या वर्षीच्या कागदावर तोच होता. आता बिल आलंय क्लास १७५ चं, वर रीक्लासचा, म्हणजे क्लास बदलल्याचा, चार्ज वेगळा. वजनात एक पाउंडाचा फरक नाही म्हणे, मग पैसे कसले लावलेत??

डॉकवरचा_माणूस:
ताई, वजन बरोबरच असणार, ट्रक कंपनीने जागा मोजलीय. ४८×४०×६० ला १७२८ ने (एका घनफुटात तेवढे घनइंच) भागा, ६६.६७ घनफूट येतात. ३५० पाउंड भागिले ६६.६७ म्हणजे घनफुटाला ५.२५ पाउंड, हीच डेन्सिटी. डेन्सिटी कमी तेवढा क्लास वरचा आणि भाडं जास्त. डेन्सिटीच्या टेबलात ४ ते ६ ला क्लास १७५, ६ ते ८ ला १२५ आणि ८ ते १० ला १००, त्यामुळे बिल चुकलेलं नाही. ट्रक वजनाने भरायच्या आधी जागेने भरतो हो, तुमचं पॅलेट त्यात हवा घेऊन बसलं की त्या हवेचं भाडं तुम्हीच देणार. आणि जुना कागद बघून क्लास टाकू नका, १९ जुलै २०२५ पासून बऱ्याच वस्तूंचा ठरलेला क्लास जाऊन त्या डेन्सिटीवर गेल्यात. आधी आपल्या मालाचा एनएमएफसी (क्लास ठरवणारी मालाची यादी) आयटम नंबर बघा.

ओहायोचा_पाटील:
वरचं बरोबर पण अर्धंच आहे. नाजूक माल, उचलायला त्रासाचा माल, ज्यावर दुसरं काही ठेवता येत नाही असा माल, यांचा क्लास नुसत्या डेन्सिटीवर ठरत नाही. तुमचा पुठ्ठा आहे म्हणून सोपं. ब्रोकरकडून पाठवत असाल तर त्याला एफएके (फ्रेट ऑल काइंड्स) रेट मिळतो का तेही विचारा, त्यात दोन-तीन क्लास एकाच भावाने जातात.
अजून एक, टर्मिनलवर स्कॅनर मोजतो तो सगळ्यात बाहेर आलेलं टोक धरून. कार्टन दोन इंच बाहेर फुगला की ४८ चे ५० झालेच. मी एकदा असाच १०० वरनं १२५ मध्ये गेलोय, रॅप नीट ताणलं नव्हतं म्हणून, तेव्हापासून पॅलेटचे चारी बाजूंनी टेप लावलेले फोटो काढून ठेवतो.

मखरवाली_एडिसन:
आत्ता गॅरेजमध्ये जाऊन मोजून आले, कपाळावर हात मारला. पाच थर आहेत, प्रत्येक कार्टन ११ इंच, आणि आतली पॅनेलं साडेसहा इंचातच संपतात, वर साडेचार इंच काहीच नाही! पुण्याच्या पॅकिंगवाल्याने मिळाले ते खोके वापरलेत. कोपरे कापून झाकण खाली घेतलं तर पॅलेटसकट ३८ इंच होतंय.

डॉकवरचा_माणूस:
३८ म्हणजे ४२.२ घनफूट, डेन्सिटी ८.२९. क्लास १००, पण ३९ च्या वर जाऊ देऊ नका आणि पाटलांनी सांगितलेला फुगवटा सांभाळा, दोन इंच बाहेर आलं तरी ८ च्या खाली याल. पॅलेटची स्वतःची ५ इंच उंची धरलीत ना?

मखरवाली_एडिसन:
धरलीय. पुण्याला फोन लावला, पुढच्या लॉटला इथल्या कापलेल्या खोक्यांएवढ्याच उंचीचे खोके. आता इथली चाळीस कापत बसायचीत, नवऱ्याला कटर आणायला पाठवलंय.